बोटभर जागा

मास्तरांच्या हातात कुणी काटकोन बघायचा नवा गुण्या दिला की ते त्याची किंमत विचारत नसत आणि त्यावरचं कंपनीचं नावही वाचत नसत. सरळ कडेची एखादी फळी पुढे ओढायची, गुण्या तिच्या कडेला टेकवून पेन्सिलीने एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून बघायचं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा. वर जाता जाता फाकल्या तर गुण्या खोटा, मग तो विलायतेहून आलेला असो की पोलोग्राउंडच्या नाक्यावरून. "उलटा केल्याशिवाय कोणावर भरोसा नाही करायचा," ते म्हणत, आणि लगेच पुस्ती जोडत, "माणसं सोडून. माणसं उलटी करायला लागलो तर मोहल्ल्यात कोणी बोलणार नाही माझ्याशी."

माझा गुण्या त्यांनी पहिल्याच भेटीत असा उलटा केला तेव्हा मला मनापासून राग आला होता. मी मूळची नाशिकची. नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथल्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. उपकरणाची स्वतःची चूक, झिरो एरर, न बघता रीडिंग घेणाऱ्या मुलांचे मार्क मी अजिबात दयामाया न दाखवता कापते. हे पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लाकडाच्या वाटेला मी गेले ती आईमुळे. पक्षाघातानंतर आईची डावी बाजू लुळी पडली आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. राजेंद्र नगरच्या आमच्या घरात काचेचं जेवणाचं टेबल होतं. खुर्चीचे हात त्याच्या लोखंडी चौकटीला अडायचे, त्यामुळे आई टेबलापासून हातभर लांब राहायची. घास तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा मांडीवर सांडायचा. दोन-चार दिवस तिने ते सोसलं आणि मग एक दिवस म्हणाली, "माझं ताट आत आण." तेव्हापासून ती खोलीचं दार लोटून घेऊन एकटी जेवायची. मी शेजारी बसले तर म्हणायची, "मला जेवताना कुणी बघू नका." ही तीच आई, जी सगळे पानावर बसल्याशिवाय कधी पहिला घास घेत नसे. हळूहळू तिचं जेवण निम्म्यावर आलं. दवाखान्यात असतं तसं सरकतं टेबल आणून पाहिलं, तर त्यावर तिने वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली. "दवाखान्यातून सुटून आले ना मी?" एवढंच म्हणाली.

मग मी ठरवलं की टेबल आपणच करायचं. मी टेबल करायचं ठरवलं, याचा अर्थ मी आधी मोजायची हत्यारं मागवली. डिजिटल कॅलिपर आलं, परदेशी बनावटीचा गुण्या आला, फळीच्या कडेला समांतर रेघ ओढायचं चकचकीत खतकस आलं. सगळं मखमली खाचांच्या पेटीत. त्यांच्या किमती मी इथे सांगत नाही, कारण त्या नवऱ्याला, शिरीषलाही अजून खऱ्या सांगितलेल्या नाहीत. लाकूड तेवढं आणायचं राहिलं होतं. शिरीष म्हणाला, "तूर्तास मोजायला घरात पोळपाट आहे." मी तोही मोजला. तो पुरता गोल नाही, असा शोध लागला.

कॉलेजातल्या एकाने मास्तरांचा पत्ता दिला. पोलोग्राउंडला एका बंद पडलेल्या फाउंड्रीच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. त्याच फाउंड्रीत त्यांनी उमेदीची सारी वर्षं घालवली होती, पॅटर्न करण्यात. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तस्सा लाकडात करावा लागतो. वाळूच्या साच्यात त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून, वडील शाळामास्तर, आणि हे लाकडात पडले. आसपासच्या निम्म्या सुतारांनी त्यांच्या हाताखाली दिवस काढले होते, म्हणून हेही मास्तरच. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, अंगात बंडी आणि कानावर पेन्सिल.

माझी पेटी उघडून त्यांनी एकेक वस्तू नीट पाहिली. "एवढं सगळं घेऊन काय बनवून राहिल्या तुम्ही, मॅडमजी? रॉकेट?"

"टेबल."

"अच्छा. बसणार कोण?"

मी लांबी, रुंदी, उंची सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "साइज नाही विचारला मी. बसणार कोण?"

मग मी आईबद्दल सांगितलं. इतकं सांगायचं मनात नव्हतं, पण ते मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होते, त्यामुळे दार लोटून जेवण्यापर्यंत सगळं सांगून झालं. त्यानंतर त्यांनी माझा गुण्या उलटा केला. दोन्ही रेघा तंतोतंत बसल्या. "सही आहे. एकदम सही चीज आणली तुम्ही," ते म्हणाले, आणि मला वाटलं आता कौतुक होणार. तर म्हणाले, "आता एक काठी घेऊन घरी जा. आईंना खुर्चीत बसवा, आणि हात कुठे येतो, गुडघा कुठे येतो, खुर्ची कुठे येते, ते काठीवर पेन्सिलीने मारून आणा."

ही काठी म्हणजे त्यांची खरी पद्धत. प्रत्येक कामाला एक साधी, रंधलेली पट्टी. तिच्यावर आकडा नाही, नुसत्या खुणा. शेडच्या कोपऱ्यात अशा शेकडो काठ्या उभ्या होत्या, एकेकीवर नाव: 'शर्माजी पलंग', 'पाटणकर बाई ओटा'. मी ती काठी घेतली, मान हलवली आणि घरी येऊन ती दाराआड उभी केली. पेन्सिलीच्या खुणेने किती बारीक मोजता येणार, तिला लीस्ट काउंट काय असणार, असं माझं शास्त्रीय मत होतं.

महाग हत्यारांवर त्यांचा राग होता असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्यापाशीही एक होतं. बिस्किटांच्या जुन्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला पोलादी गुण्या. फाउंड्रीत असताना मोठ्या हौसेने घेतलेला. तो त्यांनी कधी कामावर वापरला नाही. कामाला त्यांनी स्वतः केलेला सागवानी गुण्या होता, कडा झिजून गोल झालेला. "तो काम करायला नाही," डब्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तो बाकीच्यांना विचारायला आहे. असा एक पाहिजे, आणि महागच पाहिजे. पण घराघरात नाही. मोहल्ल्यात एक बस्स."

आणि मोहल्ला खरोखर विचारायला यायचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, म्हणून आदल्या दिवशी आजूबाजूचे सुतार आपापले गुण्ये पिशवीत घालून मास्तरांच्या शेडमध्ये जमत. एकेक गुण्या डब्यातल्या गुण्याला लावायचा, मग उलटा करून रेघ मारायची. खरा निघाला तो दुसऱ्या दिवशी पाटावर बसायचा. खोटा निघाला तो दुरुस्त होईपर्यंत पाटाखाली. यात वशिला चालत नसे. त्यांचा सगळ्यात लाडका शागीर्द कैलास मिस्त्री, त्याचा गुण्या एका वर्षी पाटाखाली गेला होता आणि ते कैलास स्वतःच हसून सांगायचा.

सहा-सात महिने दर रविवारी सकाळी मी शेडवर जात होते. करवत धरण्यापासून सगळं त्यांनी शिकवलं. मी चुकले की ओरडत नसत, नुसतं म्हणत, "लाकूड काही बोललं का?" आणि मी परत बघायची. माझ्या दोन सांध्यांत कागद जाण्याइतकी फट राहिली तेव्हा मी हिरमुसले, तर म्हणाले, "मॅडमजी, तुमचं कॅलिपर ही फट मोजून देईल. भरून नाही देणार." मग सरस आणि भुसा कालवून फट कशी भरायची ते दाखवलं.

आता माझी चूक. शेडच्या भिंतीवर दोन पट्ट्या टांगलेल्या असत. एक रोजची, आकडे पुसट झालेली. दुसरी जड, काळसर, खोल कोरलेल्या रेघांची, कोपऱ्यात '१:१००' असं बारीक खोदलेली. तिला ते कधी हात लावत नसत, त्यावरून मी ताडलं की हीच खरी मौल्यवान. १:१०० हा तिच्या अचूकपणाचा दाखला असणार, हेही मीच ठरवलं. एका रविवारी निघताना विचारलं, "मास्तर, पट्टी घरी नेऊ?" ते पाठमोरे, रंधा मारत होते. "घ्या, घ्या," म्हणाले. मी ती काळी पट्टी उचलली, घरी येऊन चाकाच्या खुर्चीच्या हातांची उंची मोजली, सातशे तेरा मिलिमीटर, आणि पुढच्या रविवारी शेडवर रोजच्या पट्टीने मोजून टेबलाच्या फळीखालची आडवी पट्टी त्याच्यावर बरोबर पाच मिलिमीटर मोकळीक राहील अशी बसवली. त्या पाच मिलिमीटरचा मला केवढा अभिमान होता!

टेबल घरी आलं त्या रविवारी आईने ठेवणीतली साडी नेसायला मागितली. मी वरण-भात, अळूची भाजी केली होती. तीन पानं मांडली, शिरीषने खुर्ची ढकलली आणि टक् असा आवाज झाला. खुर्चीचे हात आडव्या पट्टीला अडले. मागे घेऊन परत ढकलली. परत टक्. दोन मिलिमीटर, फार तर. आईने उजव्या हाताने टेबलावरून एकदा हात फिरवला. "छान झालंय गं," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "माझं ताट आत आण."

मी मास्तरांना फोन केला. अर्ध्या तासात कैलासच्या मोटरसायकलवर मागे बसून ते आले. आत येताच त्यांची नजर खिडकीत ठेवलेल्या काळ्या पट्टीवर गेली.

"ही इकडे कशी आली?"

"तुम्हीच 'घ्या' म्हणालात."

ते खाली बसून सांगायला लागले. लोखंडाचा रस थंड होताना आखडतो, म्हणून लाकडाचा नमुना थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच ताणलेली असते, शंभराला एक. तिच्यावर सातशे तेरा म्हणजे खरे सातशे वीस, आणि माझी आडवी पट्टी होती सातशे अठरावर. सगळ्यात देखणी पट्टी भिंतीवरून उचलून मी तिला काहीही न विचारता घरी आणलं होतं, आणि वर्षानुवर्षं मुलांना झिरो एरर शिकवत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"खोटी नाही ती," मास्तर म्हणाले. "लोखंडासाठी एकदम खरी आहे. गलती माझी. सगळ्या दुनियेला उलटं करून बघणारा मी, त्या दिवशी मान पण वर नाही केली."

चूक माझी होती, त्यांनाही ते ठाऊक होतं. पण आईसमोर त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली, आणि याबद्दल मी त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

"काठी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी दाराआडून काढून दिली. ते आईसमोर उकिडवे बसले. "ताई, भात कालवा."

"रिकाम्या ताटात?"

"मनात वरण वाढा. कालवा."

आई आधी लाजली, मग खरंच कालवायला लागली. कालवताना ती उजवीकडे झुकत होती, आणि तिच्याबरोबर खुर्चीही किंचित तिरकी होत होती. एवढे महिने मी खुर्ची मोजली होती, पण आईला कालवताना काही पाहिलं नव्हतं. मास्तरांनी काठीवर तीन खुणा केल्या, काठी टेबलाला लावली आणि आडव्या पट्टीवर पेन्सिलीने एक कमान काढली. मधोमध नाही, उजवीकडे चार बोटं जास्त पसरलेली.

"वाकडी दिसेल," मी म्हटलं.

"दिसू दे. बसायला सरळ आहे."

कैलासने टेबल आडवं केलं. मास्तरांनी करवत माझ्या हातात दिली, "तुम्ही कापा," म्हणाले आणि शेजारी उभे राहिले. कापून, कानस मारून, पॉलिश कागदाने घासून होईपर्यंत तीन वाजले. टेबल उभं केलं. खुर्ची सरकत आत गेली, आवाज न करता. मास्तरांनी खुर्चीचा हात आणि लाकूड यांच्यामध्ये आपलं बोट आडवं सरकवलं. ते आरामात गेलं. "बोटभर जागा सोडायची, मॅडमजी. बारिशमध्ये लाकूड फुगेल, गादी बदलेल, ताईंचं वजन वाढेल."

"माझं कसलं वजन वाढतंय आता!" आई म्हणाली.

"वाढेल ना. आता जेवाल तुम्ही."

आई जेवली. सगळ्यांबरोबर, गार झालेला वरण-भात. दोन शितं सांडली ती टेबलावर, मांडीवर नाही. मास्तरांनी वरण-भातावर मूठभर सेव घालून घेतली तेव्हा तिने "अहो, हे काय!" असं इतक्या मोठ्याने म्हटलं की कैलासच्या हातातला घास थांबला. मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि पोटभर रडून घेतलं.

त्यानंतर मास्तर कधीही घरी आले की चपला काढल्यावर पहिलं काम तेच. आईच्या खुर्चीपाशी जायचं, बोट सरकवायचं, "जातंय," म्हणायचं आणि मगच चहा. पावसाळ्यात मुद्दाम एक फेरी जास्त.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मीही शेडवर होते. मास्तरांनी डबा उघडून पोलादी गुण्या काढला आणि तो त्यांच्या हातातून निसटला. पकड हल्ली सैल पडली होती. गुण्या फरशीवर कोपऱ्यावर पडला. त्यांनी तो उचलला, फळीवर रेघ मारली, उलटा केला, दुसरी रेघ मारली. रेघा फाकल्या. थोड्याच, पण फाकल्या.

"मास्तर, इत्ता तो चलता है," कैलास हळूच म्हणाला.

"तुझा असता तर चालवून घेतला असता मी?"

त्यांनी गुण्या फडक्यात गुंडाळला आणि पाटाखाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडमजी, तुमचा आणा."

मी रिक्षाने घरी जाऊन पेटी घेऊन आले. त्या दिवशी सात सुतारांचे गुण्ये माझ्या गुण्याला लावून पाहिले गेले. इतके दिवस मखमलीत झोपलेल्या त्या वस्तूला पहिल्यांदा तेलकट हात लागले. "आता लागला हा कामाला," मास्तर म्हणाले. महाग हत्यार घ्यावं की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी त्या दुपारची गोष्ट सांगते.

त्याच हिवाळ्यात मास्तर गेले. आजारपण चार दिवसांचं. माझ्या परीक्षांच्या ड्यूट्या होत्या, आज जाऊ उद्या जाऊ म्हणता मी पोचले नाही, आणि याची रुखरुख जायची नाही. त्या आधीच्या आठवड्यात ते घरी येऊन गेले होते. बोट सरकवलं होतं. जिना उतरताना वळून म्हणाले होते, "काठी फेकू नका, बेटा." मॅडमजीची बेटा मी त्या दिवशी झाले.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आपली पेटी उघडून टेबलावर ठेवली खरी, पण कुणी येईल असं वाटलं नव्हतं. शेडला कुलूप, मास्तर नाहीत. आई मात्र सकाळपासून तिच्या कमानीपाशी बसून होती. अकराच्या सुमाराला खाली मोटरसायकली थांबल्याचे आवाज आले. कैलास आणि त्याच्यामागे आणखी पाच-सहाजण, हातात पिशव्या.

एकेक गुण्या तपासून झाला. शेवटी कैलासने तेलकट फडक्यातली एक वस्तू काढली. मास्तरांचा पोलादी गुण्या; त्यांच्या मुलाने तो त्याला देऊन टाकला होता. कानस मारत, परत परत बघत त्याने तो महिनाभर दुरुस्त केला होता. "हो तो गया सीधा," तो म्हणाला, "पर मैं नहीं देखूँगा. आप उलटा करो, मॅडमजी."

मी फळी ओढली. एक रेघ मारली. गुण्या उलटा केला, दुसरी मारली. माझ्या डोळ्यांपुढे एव्हाना धूसर झालं होतं, म्हणून फळी आईपुढे सरकवली. तिने चष्मा कपाळावर चढवला, अगदी त्यांच्यासारखा, आणि वाकून पाहिलं.

"एकच आहे," ती म्हणाली. "उद्या बसव त्यांना पाटावर."

मग मी सगळ्यांना जेवायला थांबवून घेतलं. पानं मांडली, सेवची वाटी मध्ये ठेवली, आईच्या खुर्चीच्या हातावरून बोट सरकवलं. "जातंय ना?" तिने विचारलं. जात होतं. कैलास अजून हात धुवत होता. आईने घास कालवला नाही. तो येऊन बसला, त्याच्या पानावर वरण पडलं, आईने टेबलाभोवती एकदा सगळ्यांवर नजर फिरवली, आणि मग तिने भात कालवायला घेतला.